तीन जोडपी आणि समुद्राची हवा

आमचे घरमालक बायकोशी बोलत नसत, खुंटीशी बोलत. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीत एक सागवानी खुंटी होती, तिच्यावर त्यांचा कोट असे. संध्याकाळी घरी आले की ते खुंटीकडे तोंड करून विचारत, "आज भरीत आहे का?" आतून त्यांची बायको ताकाच्या रवीला सांगे, "वांगी बरी मिळाली नाहीत. पिठलं केलंय." ते खुंटीला कळे आणि घरमालक पाय धुवायला जात.

यात भांडण काही नव्हतं. घरात त्यांची म्हातारी आई होती आणि आईच्या देखत बायकोशी सरळ बोलणं हा आमच्याकडे तेव्हा निर्लज्जपणा समजला जाई. माझ्या माहेरीसुद्धा वडील "ऐकलं का" असं हवेत म्हणत आणि ज्याने ऐकायचं तो ऐके. पण बाकीची माणसं म्हातारं माणूस इकडेतिकडे झालं की दोन शब्द बोलून घेत. घरमालकांच्या हाडात ती सवय मुरली होती. सगळे त्यांना भाऊ म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. आई भडगावला लेकीकडे महिनाभर जाऊन राहिली तरी भाऊंचं खुंटीशीच चाले.

मी एकदा अक्कांना म्हटलं, "आता तर घरात कोणी नाही. मग ही खुंटी कशाला मध्ये?"

"त्यांना लाज वाटते गं," अक्का म्हणाल्या. "आणि खुंटी बरी आहे. उलटून बोलत नाही. बोलायचं ते मीच बोलते."

ह्यांची बदली जळगावच्या कोर्टात झाली तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. ह्यांची म्हणजे माझ्या यजमानांची. ते कारकून होते. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांच्या रस्त्याला पत्र्याच्या छपराचं एक घर होतं, त्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मिळतील असं कळलं. आम्ही बघायला गेलो तर भाऊंनी नाव, गाव, जात, पगार, काही विचारलं नाही. ह्यांच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून चुरगळली आणि सोडली. मग माझ्या पदराकडे हात नेला, तो अर्ध्यावर थांबला. लाजून म्हणाले, "जरा टोक तुम्हीच द्या इकडे." मी दिलं.

"सूत बरं आहे. पण हे आपल्याकडचं नाही, वऱ्हाडातलं."

"माझं माहेर पारोळ्याचं आहे," मी म्हटलं.

"तुमचं असेल. लुगड्याचं वऱ्हाडातलं आहे."

ते जिनात कापूस पारखत. बैलगाड्या येऊन लागल्या की गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसून मधला कापूस उपसून काढत, कारण काही शेतकरी वर चांगला माल ठेवत आणि मधल्याला वजनासाठी पाणी मारत. मग चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, तंतू किती लांब निघतो ते बघायचं, गालाला लावायचा, टाकून द्यायचा. माणसांनाही त्यांनी हेच माप लावलं होतं. लबाड माणसाला ते "ओला आहे" म्हणत. फार गोड बोलणाऱ्याला "वरचा थर." आमच्या ह्यांच्याबद्दल त्यांनी आईला सांगितलं, "कोरडा आहे. चालेल." माझ्याबद्दल म्हणाले, "ही जाड धाग्याची आहे. टिकेल." मी दाराआडून ऐकलं आणि दोन दिवस तोंड फुगवून बसले. नंतर चार बाळंतपणं, दोन बदल्या आणि एक प्लेगची साथ काढल्यावर मला त्यात चुकीचं काही दिसेना.

आमच्या उश्या त्यांनी पहिल्याच आठवड्यात जप्त केल्या. वाळत टाकलेली उशी सहज दाबून पाहिली आणि तोंड असं केलं की जणू आत मेलेला उंदीरच सापडला. "यावर झोपता? यात सरकीची टरफलं आहेत!" उश्या थेट पिंजारी चाचांकडे गेल्या. हे चाचा गल्लीच्या तोंडाशी कापूस पिंजायचे, गाद्या-रजया भरून द्यायचे. भाऊंचे ते एकमेव दोस्त. दोघांचं बोलणं कापसावर सुरू होऊन कापसावरच संपे. चाचांच्या बायकोला आम्ही चाची म्हणत असू. बाई धिप्पाड, बुरख्यातूनही ओळखू येणारी, आणि कशालाही न घाबरणारी.

भाऊंच्या आणखी एका गोष्टीला गल्ली हसे. जिनातून आल्यावर ते तसेच घरात कधी शिरत नसत. अंगणात उभे राहून कडुलिंबाच्या डहाळ्यांनी स्वतःला झोडपून घेत. डोकं, पाठ, धोतराचा घोळ. मग ओसरीवरच कपडे बदलत, थंडी असो की काही असो. पोरं कुंपणावरून ओरडत, "भाऊ, भूत निघालं का?" ते म्हणत, "निघतंय, निघतंय." त्यांच्या अंगावर नेहमी कापसाच्या रुईचे बारीक तंतू असत आणि त्यांची खात्री होती की तेच घरात उडून अक्कांच्या छातीत गेले.

अक्कांना खोकला होता. कसला ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. ताट-वाटी वेगळी झाली होती, अंथरूण खिडकीजवळ गेलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे जो काही जीव लावायचा तो एकाच माणसावर, आणि तोही खुंटीमार्फत. गावातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिलं आणि म्हटलं, "समुद्राची हवा मिळाली तर बघा." डॉक्टर दुसरं काय सांगणार? पण भाऊंनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं धरलं. अक्का जगायला हव्या असतील तर त्यांच्या छातीत समुद्राची हवा गेली पाहिजे. इतका सरळ हिशेब त्यांच्या डोक्यात बसला.

अडचण अशी की न्यायचं कसं? आजारी बायकोला माहेरी धाडतात, नाहीतर देवाला नेतात. नवरा-बायको दोघंच हवा खायला मुंबईकडे गेली असं झालं असतं तर गल्लीने वर्षभर तेच चघळलं असतं, आणि आधी अक्कांनीच पाऊल उचललं नसतं. म्हणून भाऊंनी यात्रा काढली. अलिबागेसमोर समुद्रात किल्ला आहे, किल्ल्यात गणपती आहे, त्याला जोडप्यानेच जायचं असतं, आणि वाटेत शिडाच्या मचव्यातून बेटं बघत जायचं, असं त्यांनी जाहीर केलं. एक जोडपं ते, एक आम्ही, आणि एक चाचा-चाची. चाचांना गणपतीचं काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. चाचा म्हणाले, "मी गादी घेऊन येतो. फळीवर कोण झोपणार?"

भाऊंची आई चुलीशी बसून ऐकत होती. ती घरात खानदेशीच बोले.

"माय, समुद्रमा गणपती शे," भाऊ म्हणाले. "जोडीनं दर्शन लेवं पडस."

"कोन सांगं तुले?"

"बठ्ठा सांगतस."

"मी तं कधी आयकं नही. समुद्र कसाले दखाना? पानी बठ्ठं सारखंच शे."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. अक्का खोकला दाबत पीठ चाळत होत्या. म्हातारी उठली, पेटीतून आपली जुनी लोकरीची धाबळी काढली आणि सुनेच्या मांडीवर टाकली. "वारा लागी तिले," एवढंच म्हणाली आणि पुन्हा चुलीशी जाऊन बसली.

मग तयारी सुरू झाली. आम्हा सहांपैकी कोणीही मचवा पाहिला नव्हता. मुंबईच्या कापूस बाजारातल्या एका दलालाने भाऊंना त्याची लांबी-रुंदी कळवली. एका रविवारी सकाळी उठून बघते तर भाऊ अंगणात चुन्याने होडी आखत होते. पुढून टोकदार, मागून गोल. मध्ये डोलकाठी म्हणून बांबू पुरला होता. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोचक्यांसकट त्या रेघेच्या आत बसवलं.

"जोडी शेजारी-शेजारी," भाऊ म्हणाले. "तिकडे पुरुष इकडे बायका असं नको. होडी कलंडते."

हे म्हणजे अवघडच होतं. लग्नाच्या पाटावरून उठल्यापासून मी चारचौघांत ह्यांच्या शेजारी बसले नव्हते. ह्यांचे कान लाल झाले. चाची मात्र धपकन बसली आणि चाचांना म्हणाली, "सरको जरा. घरात तर सगळी जागा मलाच देता." कुंपणावर शेजारी जमले होतेच.

"काय भाऊ, पाणी कधी सोडताय?"

"अहो, वल्ही कुठेत?"

चाचा म्हणाले, "भाऊ, अपनी नाव डूबेगी नहीं, ये पक्का. लेकिन चलेगी भी नहीं."

अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या, हसता हसता खोकायला लागल्या. भाऊ मधल्या बांबूकडे वळून म्हणाले, "हसू नये. त्रास होतो." तेवढ्यात म्हातारी पाण्याची घागर घेऊन आली आणि चुन्याच्या रेघेवरून सरळ आत शिरून पलीकडे निघून गेली. भाऊ कळवळून ओरडले, "माय, तू बुडनी ना!" म्हातारीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. मुंबईच्या धक्क्यावर मचवा लागला होता. त्याला सुक्या मासळीचा असा वास होता की पहिला अर्धा दिवस मी नाकाला पदर लावूनच काढला. चाची, जिला कशाची भीती नव्हती, ती धक्का दिसेनासा होण्याआधीच आडवी झाली आणि ओकाऱ्या काढत सगळ्या खलाशांना शिव्या देऊ लागली. भाऊंनी कडेवरून हात खाली सोडला, समुद्राचं पाणी दोन बोटांत घेऊन चोळलं. "तेलकट आहे," म्हणाले. एवढंच त्यांचं समुद्राबद्दलचं मत. आम्ही बाकीचे तोंड उघडं टाकून बघत होतो.

मला वाटलं होतं, इथे म्हातारी नाही, घर नाही, आता तरी हे बायकोशी बोलतील. कुठलं काय! त्यांना डोलकाठी मिळाली.

"श्वास खोल घ्यावा," ते डोलकाठीला सांगत. "तोंड मिटून. नाकाने."

अक्का बाजूच्या दोराला म्हणत, "घेतेच आहे. आणखी कुठे ठेवू? पोट भरलं हवेने."

आधी घारापुरी झाली. मग किनाऱ्याच्या बाजूने खाली उतरत खांदेरी-उंदेरी दिसली. प्रत्येक बेट आलं की भाऊ तांडेलाला मचवा थांबवायला लावत, कारण या बेटाची हवा वेगळी असणार. तांडेल वैतागला. "अहो शेट, हवा सगळीकडे तीच!"

"गाडीतला कापूसही वरून एकच दिसतो," भाऊ म्हणाले आणि अक्कांना धाबळीत गुंडाळून पुढच्या टोकाला बसवलं. मचवा उगीच डुलत उभा राहिला, चाचीने नव्याने शिव्या सुरू केल्या, आणि अक्का तोंड मिटून नाकाने श्वास घेत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी आपण होऊन भाकरी मागून खाल्ली. भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाकरी खाल्ली." जणू भाकरी मी वाढलीच नव्हती. त्यांचा चेहरा मी त्याआधी किंवा नंतर तसा पाहिला नाही. मला वाटलं, होईल. हा वेडा माणूस हे करून दाखवील.

अलिबागेला पोचलो तेव्हा पाणी पार मागे गेलं होतं. किल्ल्यापर्यंत नुसता ओला खडक आणि वाळू, लोक चालत जात-येत होते. तांडेल म्हणाला, "दर्शन करा आणि लगेच परता, पाणी यायच्या आत." ते आम्ही सहाही जणांनी ऐकलं आणि कोणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. आमच्याकडे पाणी येतं ते वर कुठेतरी पाऊस झाल्यावर. आधी आभाळ काळं होतं, मग गिरणा नदीला आवाज येतो, लाल पाण्यात झाडंझुडपं वाहत येतात, माणसं ओरडत सुटतात. उन्हाळ्यात याच नदीच्या वाळूत आम्ही टरबुजं लावतो आणि महिनोन् महिने पायी पलीकडे जातो. इथे तर आभाळ निरभ्र होतं. पाणी येणार कुठून?

गणपती झाला. परतताना भाऊंना वाटेच्या मधोमध एक सपाट काळा खडक आवडला. वारा चारही बाजूंनी. त्यांनी चाचांची गादी तिथे अंथरायला लावली, अक्कांना समुद्राकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाले, "आता इथे मन लावून श्वास घ्यायचा." आम्ही भाकरी-ठेच्याची पुरचुंडी सोडून जेवायला बसलो. ऊन छान होतं. अक्का पहिल्यांदाच खोकल्याशिवाय सलग बोलत होत्या. कशाबद्दल ते आठवत नाही, बहुतेक मिरच्यांबद्दल.

आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून होतो आणि पाणी मागून आलं. किनारा आणि आमचा खडक यांच्यामधली सखल जागा भरत गेली. आवाज नाही, फेस नाही, वाहून आलेली काटकीसुद्धा नाही. चाचीने आधी पाहिलं. "पीछे देखो," ती म्हणाली. घोटाभर होतं.

हे उठले. "चला, निघू."

"थांबा," भाऊ म्हणाले. "चढत्या पाण्यात पाय घालायचा नसतो. उंचावर बसून राहायचं. तासाभरात बसेल पाणी."

गिरणेच्या काठच्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल. पुराच्या पाण्याशी असंच वागतात. म्हणून आम्ही थांबलो. किनाऱ्यावर चार-सहा माणसं गोळा झाली आणि हात हलवून ओरडू लागली. वाऱ्याने शब्द कळत नव्हते. आम्हीही हात हलवले.

पाणी बसेना. ते खडकावर आलं, गादीच्या कडेला लागलं, गादीत शिरलं. चाचा गादी उचलू लागले, ती हलेना. "अब ये गादी नहीं, म्हैस है," ते म्हणाले आणि गादी तिथेच सोडली. ह्यांनी माझा दंड धरला आणि पाण्यात उतरले. कमरेच्या वर लागलं. मागे भाऊंनी आपला चष्मा अक्कांच्या हाती देऊन त्यांना पाठीवर घेतलं होतं. आणि मग मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"अहो, डावीकडे नका जाऊ! तिकडे खड्डा आहे!"

"तू गप्प बस. मला वाट दिसते."

"दिसते कसली! चष्मा कुठाय तुमचा?"

"तुझ्याच हातात दिलाय ना मघाशी!"

"मग घाला की!"

"कोणत्या हाताने घालू? तुला धरू की चष्मा घालू?"

भर समुद्रात, छातीभर पाण्यात, दोघं एकमेकांशी भांडत होती, सरळ तोंडाला तोंड. अक्का हसायला लागल्या. खोकत होत्या, हसत होत्या, मध्येच लाटेचं पाणी तोंडात गेलं की थुंकत होत्या. शेवटी दोन कोळी पाण्यात शिरले आणि त्यांनी आम्हाला एकेक करून बाहेर ओढलं.

कोणी बुडालं नाही. पण आमची बोचकी मचव्यात होती आणि मचवा लांब होता. अक्का ओल्या लुगड्यात, ओल्या धाबळीत, त्याच समुद्राच्या हवेत कितीतरी वेळ बसून राहिल्या. संध्याकाळी ताप भरला. पुढची बेटं राहिली. परतीच्या वाटेत भाऊ त्यांच्या उशाशी बसून होते आणि सरळ त्यांच्याशीच बोलत होते. "पाणी देऊ? इकडे कूस कर. वारा लागतोय का?"

घरी आलो तेव्हा म्हातारी दारात उभी होती. तिने सुनेच्या कपाळावर हात ठेवला आणि लेकाला म्हणाली, "कोरडी लई गया, वली लई उना."

भाऊंनी कोट काढला, खुंटीला अडकवला आणि खुंटीलाच म्हणाले, "अंथरूण घालतो."

अक्का तेव्हापासून उठल्या नाहीत. त्या खुंटीला उत्तर देईनाशा झाल्या. भाऊ विचारत आणि अक्का त्यांच्याकडे बघत राहत, सरळ. भाऊ मान खाली घालत. आठवडाभर असं चाललं. मग एका संध्याकाळी म्हातारी उठली आणि कधी नव्हे ती चाचीच्या ओट्यावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्या दिवशीही. चाचीला विचारलं तर म्हणाली, "काही बोलत नाही. बसते. थंडी वाजली तरी उठत नाही." म्हातारी तिकडे असताना मी पेज घेऊन गेले तेव्हा भाऊ अंथरुणाशी बसून अक्कांना सांगत होते की आज नशिराबादच्या गाड्या आल्या होत्या, माल बरा होता, एक गाडी तेवढी ओली निघाली. दुसरं काही बोलायचं त्यांना माहीतच नव्हतं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या आणि ते थांबले की म्हणत, "मग?"

वैशाखात, आखाजीच्या सणाआधी त्या गेल्या.

त्यानंतर भाऊंनी नवाच प्रकार सुरू केला. जो भेटेल त्याला ते सांगत, "मी तिला नेऊन मारलं." किराणा दुकानात, जिनाच्या फाटकाशी, भाजीवाल्या बाईला. रडत नसत. माल कुठल्या प्रतीचा ते सांगावं तशा आवाजात सांगत. कोणी "असं म्हणू नका" म्हणे, कोणी पिशवी उचलून चालू लागे. गाडीवाले त्यांना टाळून दुसऱ्या पारख्याकडे जायला लागले. अंगणात लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपणं बंद झालं. अंगावरच्या रुईसकट ते घरात शिरत आणि तसेच झोपत.

मला हे सहन होईना. दुःख कळतं, पण माणसाने खोटा आळ घेऊन फिरू नये, अगदी स्वतःवरही. मी उठून डॉक्टरांकडे गेले. त्यांना सरळ विचारलं, पाण्यात भिजल्याने त्या गेल्या का? डॉक्टर म्हणाले, "बाई, त्यांची दोन्ही फुप्फुसं दिवाळीच्या आधीच गेली होती. समुद्राचं मी म्हणालो ते काहीतरी सांगायचं म्हणून. भिजल्या नसत्या तर फार तर आषाढ बघितला असता."

त्याच दुपारी मी चहा घेऊन पुढच्या खोलीत गेले आणि भाऊंना शब्दन् शब्द सांगितलं. वाटलं, सुटतील. ते बराच वेळ गुडघ्यावरचं धोतर दोन बोटांत चोळत बसले.

"नेलं नसतं तरी गेली असती?"

"तरी."

"आणि नेल्याने काही बरं वाटलं असेल?"

"छातीला नाही."

"म्हणजे समुद्राने काहीच केलं नाही."

"त्यांना आवडला होता," मी म्हटलं. "मी पाहिलं ना. सगळा वेळ बघत होत्या."

"हो. आवडला होता. मग दोन-तीन वर्षं आधीच न्यायला हवं होतं. पाय धड होते, खोकला नव्हता. सगळी बेटं झाली असती." मग माझ्याकडे बघून, खरंच कळत नसल्यासारखं म्हणाले, "पण तेव्हा तर ती बरी होती. बरी असताना कशाला नेलं असतं?"

चहा गार झाला होता. कपबशी उचलून मी मागे आमच्या खोलीत आले. हे कोर्टातून नुकतेच आले होते, टोपी काढून वारा घेत बसले होते.

मी म्हटलं, "येत्या सुट्टीत मला समुद्रावर न्या."

ह्यांनी दचकून वर पाहिलं.

"का गं?" म्हणाले. "बरं नाही का वाटत तुला?"